प्रभू उठला आहे

कांद्याच्या सालींत अंडी उकळली की लालचुटूक होतात. शनिवारी मी सहा उकळली. एकट्या बाईला सहा कशाला, असं कोणी विचारू नये म्हणून शेजारच्या इंदूबाईला आधीच सांगून टाकलं होतं, "ईस्टरला माझा प्रभू येऊन राहिला."

प्रभू म्हणजे प्रभुदास, माझा मुलगा. भिलाईला कारखान्यात आहे. खरं तर त्याचं कार्ड बुधवारीच आलं होतं: यंदा सासरी, रायपूरला जातो. मी ते पवित्र शास्त्रात घालून ठेवलं आणि खोटं बोलले. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी मी! पण तो मागच्या ईस्टरलाही आला नव्हता, आणि महाल भागातल्या आमच्या गल्लीची ती कीव मला पुन्हा नको होती.

आमच्या घरची रीत अशी. ईस्टरच्या सकाळी, चहाच्याही आधी, एकाने अंडं हातात घेऊन म्हणायचं, "प्रभू उठला आहे!" दुसऱ्याने म्हणायचं, "खरोखर उठला आहे!" आणि अंड्यावर अंडं आपटायचं. आमचे हे होते तोवर ते उत्तर द्यायचे, नंतर प्रभू. त्या सकाळी मी सवयीने, आणि थोड्या रागानेही, जोरात म्हटलं, "प्रभू उठला आहे!" उत्तर कोण देणार? स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता.

पाच मिनिटांत इंदूबाई शिऱ्याची ताटली घेऊन हजर. पांढरंशुभ्र लुगडं नेसलेली. चौदा एप्रिल होती, त्यांच्याकडे जयंतीची मिरवणूक.

"प्रभू उठला म्हणे! कधी आला बाई? मले रिक्षाचाही आवाज नाही आला."

भिंत एकच, तिला सगळं ऐकू जातं. पोराचं नाव ठेवताना हा घोटाळा कोणाच्या डोक्यात आला होता! मला हसू यायला हवं होतं. पण तोंडून निघालं, "हो, आला. दमलाय, पुन्हा आडवा झाला."

"आडवा होते म्हणे! प्रभू, उठ गा! शिरा थंडा होऊन राहिला!" म्हणत तिने मधला पडदा सारला.

खाटेवर कोरी चादर तशीच ताणलेली होती.

"आला नाही," मी म्हटलं. "येणारच नव्हता."

"मंग हाक कोणाले मारली?"

"तो प्रभू म्हणजे आमचा येशू." मग मी तिला सगळं सांगितलं. लाल रंग त्याचं रक्त. कवच म्हणजे त्याची कबर, ते फोडायचं. रविवारी पहाटे बाया कबरेपाशी गेल्या, तर आत कोणीच नव्हतं.

"लय रडल्या असतील."

"आधी रडल्या. मग कळलं, तो उठला. म्हणून ती रिकामी जागा आठवून आम्ही आनंद करतो."

इंदूबाईने खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमाले होते काय आनंद?"

इतक्या वर्षांत चर्चमध्ये मला हे कोणी विचारलं नव्हतं.

"नाही होत गं," मी म्हटलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.

बाहेरून तिला मिरवणुकीसाठी हाका सुरू झाल्या. ती हलेना. शेवटी मीच तिला दाराकडे ढकललं. "जा," म्हटलं, "तुझे सगळे आलेत."