एका लोकाटापुरती जागा

धम्मदीना कॉलेजात फिजिक्स शिकवायची. दुसऱ्यांचा गोंधळ दूर करायचा, हेच तिचं रोजचं काम. पण या फेब्रुवारीत लोकाट नावाच्या फळझाडाच्या एका रोपानं तिचंच डोकं पार चक्रावून टाकलं.

झालं असं, की आई गेल्यावर तिनं वडिलांना महूहून इंदूरला आपल्याकडे आणलं. बाबा, म्हणजे वाल्मिक, फौजेतून रिटायर झालेले. तक्रार करत नसत, पण लेकीच्या घरात पाहुण्यासारखे राहत, खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखे बसत. एका सकाळी गेटजवळच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत ते म्हणाले, "धम्मा, इथं लोकाट लावलं तर? देहरादूनला आपल्या क्वार्टरमागे होतं बघ." धम्मदीना तेव्हा पाळण्यात होती, तिला कुठलं आठवणार! पण बाबांनी तोंडानं काही मागितलं, यातच तिला हरखून जायला झालं.

रविवारी ती सिमरोल रोडच्या नर्सरीत गेली. मालक सुधाकरजींनी तीन कलमं पुढं ठेवली.

"कोणती देऊ, दीदी? ही गोल्डन यलो. लवकर पिकते, पण अकेली लावली तर फळ कम धरते. ही तनाका, गोड, एकदम नारंगी. पण उशिरा येते, आपल्या इथली धूप लागली तर फळ भाजतं. आणि ही कॅलिफोर्निया अॅडव्हान्स. खट्टी-मीठी, आतून पांढरी. तीपण लेटच. बाबांनी कोणती खाल्लेली, ते विचारा ना आधी."

तिनं तिथूनच फोन लावला. बाबा म्हणाले, "पिवळं होतं. गोल." ती रोप न घेताच घरी आली, म्हटलं, नीट विचारून घेऊ. संध्याकाळी बाबा म्हणाले, "नारंगी असेल. लांबट." दुसऱ्या दिवशी ते गोड होतं, तिसऱ्या दिवशी आंबट झालं. मोबाईलवर वाचावं, तर कोणी म्हणे दोन झाडं लावा, कोणी म्हणे एक पुरे. जागा तर एकाचीच.

रोपाचं राहिलं बाजूला, तिला निराळीच भीती वाटू लागली. शेवटी चहा देताना तिनं विचारलंच, "बाबा, तुम्हाला आठवत नाहीये का? खरं सांगा. आपण डॉक्टरांना दाखवू."

वाल्मिकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आठवायला आधी खाल्लेलं तर पाहिजे."

"म्हणजे?"

"मी कधी तोंडात घातलंच नाही. मला फळबीळ कुठं आवडतं? तुझी आई खायची. मी ड्यूटीवरून यायचो, तेव्हा मागच्या पायरीवर बसलेली असायची. मला द्यायची, मी नको म्हणायचो. तू इतक्या आशेनं विचारायला लागलीस, मग जे सुचलं ते सांगत गेलो."

हसावं की चिडावं, धम्मदीनाला कळेना. चार दिवस आपण जे जुळवत बसलो, त्यातलं काहीच खरं नव्हतं. "मग आईला कोणतं आवडायचं?"

"ते मला काय ठाऊक! झाडाला नाव कोण विचारतं?" मग ते तिच्याकडे वळले. "एक डोळा मिटून खायची. असा." त्यांनी डावा डोळा मिटला, गाल आत ओढले. एवढ्या मिशांच्या चेहऱ्यावर क्षणभर आई दिसली आणि धम्मदीनाला चटकन दुसरीकडे बघावं लागलं.

"म्हणजे आंबट होतं," ती म्हणाली.

"नाहीतर ऊन येत असेल डोळ्यावर."

पुढच्या रविवारी दोघं मिळून नर्सरीत गेले आणि आंबटगोड ती कॅलिफोर्निया अॅडव्हान्स घेऊन आले. एकटी असली तरी थोडंफार फळ धरेल, असं सुधाकरजी म्हणाले. उन्हाची मात्र त्यांनी गॅरंटी दिली नाही.

खड्डा बाबांनीच खणला. बाजूला बांबूची काठी रोवून ते सुतळी बांधू लागले.

"हे गोड निघालं तर गं?" त्यांनी एकदम विचारलं.

"बघू तेव्हा," धम्मदीना म्हणाली. ती काठी सरळ धरून उभी राहिली.

"जरा डावीकडे घे," बाबा म्हणाले.