साहेबांच्या मोबाईलवरचा कोड

नगरच्या त्या खासगी रक्तपेढीचा प्रोग्रॅम जुना होता. पाथर्डी, राहाता अशा केंद्रांतल्या नोंदी इंटरनेटवरून नगरला यायच्या, पण कसल्याही सुरक्षेशिवाय, आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच. उन्हाळ्यात कुणीतरी बाहेरून आत शिरून नोंदींतले पिशव्यांचे रक्तगटच बदलून ठेवले. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. संचालक गोरक्षनाथ शेळके हादरले आणि त्यांनी संगणक-सुरक्षेची कंत्राटी कामं करणाऱ्या जहिराला बोलावलं.

जहिरानं जुना प्रोग्रॅम तसाच ठेवून त्याची सगळी देवाणघेवाण कुलूपबंद केली. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. पिशवी द्यायची तर मोबाईलवर कोड येणार, तो टाकल्याशिवाय परवानगी नाही.

"कोड त्या त्या केंद्रातल्या माणसाला जाईल," ती म्हणाली.

"नको. सगळे माझ्याच मोबाईलवर येऊ देत," शेळके म्हणाले. "कुणावर विश्वास ठेवायचा आजकाल?"

"सर, तुमचा फोन बंद असला तर? निदान दुसरं एक नाव तरी द्या."

"माझा फोन कधी बंद नसतो."

तिनं हे ईमेलनंही कळवलं. उत्तर आलं नाही. काम तर सुरू करायचं होतं. तिनं सुरू केलं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी दुपारी पाथर्डी केंद्रातल्या सविताचा तिला फोन आला. "म्याडम, मोनिका नावाची पोरगी हाय, आत्ताच बाळंत झाली. रगत थांबंना. पिशवी फ्रीजमधी हाय, तपासून जुळवली बी. पन कोड येईना. सायेब फोन उचलंनात."

शेळके शिर्डीला दर्शनाला गेले होते. मोबाईल बाहेर काउंटरवर जमा होता. जहिरानं त्यांच्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "साहेब रांगेत आहेत, मॅडम. मी आत कसा जाणार?"

"सविताताई, कोड माझ्या हातात नाही," जहिरा म्हणाली.

"मी देते," सविता म्हणाली.

तिनं चिठ्ठी हातानं लिहिली आणि पिशवी दिली. मोनिका वाचली.

सोमवारी शेळक्यांनी जहिराला केबिनमध्ये बोलावलं. "तुझी सिस्टीम चोख आहे. कुणी नियम मोडला ते लगेच कळलं. सविताचं लॉगिन बंद कर. तिला कामावरून काढलंय."

"सर, तिनं दिलं नसतं तर ती मुलगी मेली असती."

"आणि रक्त चुकीचं निघालं असतं तर? सुरक्षा पाहिजे म्हणून तूच सांगत होतीस ना?"

"मी कोड तुमच्या एकट्याकडे ठेवा असं सांगितलं नव्हतं."

"तुला जमत नसेल तर पार्थ करेल."

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या, पेढीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पार्थनं मान खाली घातली आणि माउस हातात घेतला. जहिरानं कंत्राट सोडत असल्याचं तिथंच सांगितलं. शेळक्यांनी कारण विचारलं नाही. ती जिना उतरेपर्यंत सविताचं लॉगिन बंद झालेलं होतं.

संध्याकाळी तिनं सविताला फोन लावला. म्हणाली, "तक्रार करा, ताई. मी ईमेल देते, साक्ष देते."

"कुनाकडं करू, म्याडम?" सविता म्हणाली. "त्या पोरीच्या सासरच्यांना साक्षीला बोलवू म्हनलं, तर ते तिला आन् लेकराला घिऊन कालच ऊसतोडीला गेले. फोन लागंना त्यांचा."

"इतक्यात? तिला तर अजून..."

"व्हय. टोळी थांबत न्हाई."

सविताच्या घरात कुणीतरी चहा मागत होतं. "ठिवते," सविता म्हणाली.