रडारच्या डोंगरावरची हाक

सोनबाला आता त्या रडारचा वीट आला होता. युद्धाला पंचवीस वर्षं होत आली म्हणून कळसच्या शाळेतल्या योगिनीबाई वही घेऊन कन्हेरीला त्याच्या घरी आल्या, आणि म्हाताऱ्याला पुन्हा सगळं उगाळावं लागलं. फौजेत असताना त्यानं आणि जोडीदार सावळारामनं खेचरांवरून सुटे भाग वर नेले, उत्तरेच्या त्या डोंगरमाथ्यावर लोखंडी जाळी उभी केली. ती गरगर फिरायची आणि शत्रूचं विमान लांबूनच हेरायची. लढाई पंधरवड्यात मिटली. वर्षानं जाळीही उतरवली. उरलं काय, तर सिमेंटचा ओटा!

"आणि कळसचे सावळाराम बॉम्बनं गेले," बाईंनी आपणच लिहून घेतलं. शाळेच्या फाटकाशी तसा दगड बसणार होता.

इतकी वर्षं सोनबानं मिठाची गुळणी धरली होती. पण तोंडचं खोटं वेगळं आणि दगडावरचं वेगळं. दुसऱ्याच दिवशी तो कळसला सावळारामच्या बायकोकडे, कौसल्याकडे गेला. दारातून नेहमीसारखी हाक मारून आत बसला.

"वैनी, बॉम्ब पडलाच न्हाय."

ज्वारी निवडणारे तिचे हात थांबले. "मग?"

त्यानं सांगितलं. भर दुपारी धुकं उतरलं तेव्हा सावळाराम खाली झऱ्यावर पाण्याला गेलेला. सोनबा जातीचा मेंढका. माळावर कुणी चुकलं की हाका मारत राहायचं, माणूस आवाजाच्या रोखानं येतं. तशा त्यानं माथ्यावरून हाका मारल्या. पण डोंगरात आवाज समोरच्या कड्यावर आपटून भलतीकडूनच येतो, हे माळावरच्या माणसाला कुठलं ठाऊक? सावळाराम त्या आवाजाकडे गेला आणि दरीत पडला. वरच्या साहेबांनी कागदावर 'लढाईत' लिहिलं. त्यात बॉम्बची गोष्ट सोनबानं आपल्या मनानं घातली.

"त्यांनी ओ दिली?"

"दिली. आलो, आलो म्हनला."

"आन् तुमी पंचवीस वर्षं हितं च्या पीत बसला."

"व्हय."

ती उठली, चहा करून त्याच्यापुढे ठेवला. त्याचा हात पुढे होईना.

"प्या," ती म्हणाली. "बाईस्नी खरं सांगा. आन् हितनं पुढं माझ्या दारात हाक मारू नका, भावजी. कडी वाजवा."

दिवाळीला सोनबा आला. 'वैनी' तोंडात आलं होतं ते त्यानं गिळलं आणि कडी वाजवली.

"आले, आले," आतून कौसल्या म्हणाली.

सोनबानं कडी सोडली. तो उंबऱ्यावरच बसला.