दुसऱ्या आवृत्तीचं डकवलेलं पान

मी बोलतोय, निमोण्याच्या हरिबा मास्तरांचा कथासंग्रह. जरा मान खाली घालूनच बोलतोय, कारण माझ्या पहिल्या पानावर 'दुसरी आवृत्ती, १९६८' असं छापलंय. पुस्तकांत दुसरी आवृत्ती म्हणजे लग्नात दुसऱ्या पंगतीला बसलेला पाहुणा. जेवण तेच, पण आग्रह करायला कुणी नाही.

शिरूरच्या एका वाचनालयात मी पन्नास वर्षं उभा होतो. चौघांनी घरी नेलं, त्यातल्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी परत आणलं. शेवटी कपाटं रिकामी करताना दौंडला मेहमूदचाचांच्या रद्दीच्या दुकानात येऊन पडलो.

तिथं पहिल्या आवृत्त्या जमवणारे रविराज नावाचे साहेब पुण्याहून यायचे. मला उचलायचे, तेवढं छपाईचं पान बघायचे, "दुसरी" म्हणायचे आणि खाली ठेवायचे. तीनदा असं झालं. तरी मी मेला दर वेळी नटून बसायचो.

एका रविवारी मास्तरांची नात अनुपमा आली. रांजणगावला कंपनीत कामाला असते.

"चाचा, आजोबांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती पायजे. तिच्यात आज्जीवर गोष्ट हाय."

"ही दुसरी हाय की."

"हिच्यात नसंल. पहिली निघाली तवा भावकीनं आज्जीला सांगितलं, मास्तरनं तुझी अब्रू काढली. तिला वाचता येत न्हाई. तिनं शपथ घातली आन् आजोबांनी गोष्ट काढायला लावली. आता पंच्याऐंशीची झाली. म्हणती, मरायच्या आधी कळू दे काय लिवलं व्हतं."

मी शरमेनं आणखी पिवळा पडलो. ती गोष्ट माझ्यात नाही, असं मलाही वाटत होतं. स्वतःला कोण वाचतो?

मेहमूदचाचा पूर्वी बाइंडिंग करायचे. त्यांनी पहिलं पान बोटानं चाचपलं.

"बेटा, हे डिंकानं डकवल्यालं हाय. आतला कागद येगळा. प्रकाशकानं पहिलीचेच न खपलेले गठ्ठे घेतले आन् वर दुसरीचं पान आन् नवी अनुक्रमणिका लावली. मागं बघ."

अनुक्रमणिकेत अकरा कथा, आत बारा. शेवटची 'साळू'.

म्हणजे मी पहिली आवृत्ती निघालो, आणि कुणी विकत घेतलं नाही म्हणून निघालो! संग्राहकहो, पहिलं पान जरूर बघा, पण कधी शेवटचंही उलटा.

निमोण्याला ओट्यावर बसून अनुपमानं आज्जीला, म्हणजे साळूबाईंना, ती गोष्ट वाचून दाखवली. मास्तर लिहीत बसलेत, बायको विहिरीवरून घागरीमागून घागर आणतेय. शेवटी त्यांनी लिहिलंय, 'ती थकलेली मला दिसत होती. मी उठलो नाही.'

साळूबाई पदरानं डोळे पुसत कडाडल्या, "दिसत व्हतं म्हंजी! मग उठायला काय झालं व्हतं?"

बातमी रविराज साहेबांना लागली. ते धावत आले, हात जोडले. "आजी, पुस्तक मला द्या. जिवापाड जपेन." जन्मात पहिल्यांदा मला कुणी मागत होतं. मी असा फुगलो, की शिवण उसवायची बाकी राहिली.

साळूबाईंनी मला पदराखाली घेतलं.

"न्हाई द्यायचं. अजून भांडून झालं न्हाई माझं ह्यांच्याशी."