बिनतेलाचा डबा

झाकण जरा हळू उघडा. मी बोलतोय, सुतारकाकांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचा, पीनट बटर पावडरचा डबा. हिसका देऊन उघडलं की माझी पावडर उडते, माणसं शिंकत बसतात आणि बोलणं राहूनच जातं. तसं आता माझ्यात उडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तळाशी चमचाभर असेल. तो का उरलाय, तेच सांगायचंय.

मूळचा मी शेंगदाणा. एका टरफलात दोघं भावंडं दाटीवाटीनं राहायचो. पुढे कारखान्यात आलो, भाजून निघालो, सालं उडाली. इथवर मजेत होतं, भाजताना तर माझा वास रस्त्यापर्यंत गेला होता. मग मला एका यंत्रात घालून असं दाबलं, असं दाबलं की अंगातलं तेल थेंब थेंब गळून नळीतून पलीकडच्या टाकीत गेलं. ते त्या दारानं गेलं, मी या दारानं. साधा निरोपही घेता आला नाही. मागे उरली ती पेंड. यंत्रवाला हसून म्हणाला, "ही गाईला घातली तर खूश होईल." मला ते फार लागलं. नंतर दळून माझी बारीक पावडर केली आणि डब्यावर लिहिलं, चरबी कमी, प्रथिनं भरपूर. माणसं किती छान बोलतात. जे काढून घेतलं, त्याचीच जाहिरात करतात.

दुकानात मला ठेवलं ते नेमकं साध्या पीनट बटरच्या शेजारी. त्या काचेच्या बरण्यांत वर बोटभर तेल तरंगत असायचं. ते बघितलं की मला माझं गेलेलं तेल आठवायचं. गिऱ्हाइकं त्या बरण्या पटापट उचलायची. मला मात्र कानाजवळ नेऊन हलवायची, "हे काय, पीठ?" म्हणायची आणि नाक मुरडून परत ठेवायची.

एक दिवस एक मुलगी आली. बुटांना सिमेंट लागलेलं, केस कसेतरी बांधलेले. तिनं एका हातात तेलाची बरणी घेतली, दुसऱ्यात मला, आणि दोघांच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचत उभी राहिली. माझ्याच जातीचा आणखी एक डबा होता, दिसायला माझ्यापेक्षा देखणा. तिनं तोही उचलला, वाचला आणि म्हणाली, "यात तर साखरच साखर!" तो गेला परत फळीवर. मग दुकानदाराला विचारलं, "हे पाण्यात कालवून ब्रेडला लावता येतं ना?"

"येतं की. पण ती मजा नाही हो."

"मजा खूप झाली. बाबा पीनट बटर चमच्यानं नाही, डावानं खातात. डॉक्टरीणबाईंनी चांगलंच दरडावलंय."

तिनं मला पिशवीत टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी वाचून, समजून निवडलं होतं. तेव्हापासून मी तिचा झालो, हे सरळ सांगून टाकतो.

घर लहानसंच होतं. पुढच्या खोलीत सुतारकाम, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि दोन्हीकडे लाकडाचा वास. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे घरात बाप आणि लेक दोघंच. लहानपणी ती खिशात शेंगदाणे लपवून दिवसभर कुरतडत बसायची, म्हणून काका तिला 'खारू' म्हणायचे. खारू आता पूल बांधणारी इंजिनिअर झाली होती. लांबच्या एका गावी मोठ्या नदीवर पूल व्हायचा होता आणि त्या कामावर तिची निवड झाली होती. पण तिनं साहेबांना सांगून ठेवलं होतं, बाबांच्या रक्तातली चरबी उतरली की येते, तोवर थोडं थांबा.

काकांनी मला पहिल्यांदा उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, "खारू, हा तर भुसा आहे. असला माझ्याकडे पोतंभर पडलाय."

"कालवायचा असतो, बाबा. दोन चमचे पावडर, एक चमचा पाणी."

तोवर काकांनी चमचा कोरडाच तोंडात टाकला होता. मग जे खोकणं झालं, ते विचारू नका. मिशा पांढऱ्या, डोळ्यांत पाणी. खारू पाठ चोळता चोळता हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कामावर जाताना बजावायचं, "बाबा, ब्रेडला लावून खा. केळ्याचे काप ठेवा वर." आणि काकांनी मान डोलवायची. ती वळली की मी मनातल्या मनात तयार होऊन बसायचो. आता पाणी पडेल, आता मी मऊ होईन, कुणाच्या तरी उपयोगी पडेन.

पण काका मला घेऊन पुढच्या खोलीत जायचे. तिथे एका बरणीत ते पॉलिश पेपरनं घासून निघालेला बारीक भुगा साठवत. लाकडाला भेग पडली की तो भुगा सरसात कालवून भेगेत भरायचा, ही त्यांची जुनी पद्धत. त्या बरणीत ते माझे दोन चमचे ओतायचे आणि बोटानं ढवळायचे. रंग तोच, बारीकपणाही तोच. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. स्वतः खायला मात्र पटाश्यांमागे लपवलेली तेलाच्या पीनट बटरची बरणी होतीच.

आधी मला वाटलं, हट्टी म्हातारा आहे, चव आवडत नाही म्हणून करतोय. मनातून मी त्यांना बरंच काही बोललो. पण एकदा ओतून झाल्यावर ते मला हातात धरून तसेच बसून राहिले. समोर खिळ्याला खारूचं लहानपणीचं दप्तर टांगलेलं होतं, त्यात आता कानस आणि पटाशा असायच्या. त्याच्याकडे बघत हळूच म्हणाले, "चरबी उतरली की निघालीच ती."

तेव्हा मला उलगडा झाला. आणि त्यांच्यावर रागावणं काही जमेना. आपल्यातून आपलं माणूस काढून नेतात तेव्हा कसं वाटतं, हे त्या घरात मला जेवढं माहीत होतं तेवढं कुणाला असणार?

खारू संध्याकाळी आली की माझं झाकण उघडून बघायची. पातळी उतरलेली दिसली की तिचा चेहरा खुलायचा. तो खुललेला चेहरा मला बघवत नसे. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, अगं, मी पोटात नाही, बरणीत जातोय!

रक्त तपासलं, चरबी जिथल्या तिथे. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "सुतारकाका, खरंच पथ्य पाळताय ना?" काका म्हणाले, "डोळ्यांत तेल घालून पाळतोय." घरी आल्यावर दोघांच्या बोलण्यातून मला हे कळलं, आणि तेलाचं नाव निघालं तसं मला भरून आलं. खारूनं साहेबांना आणखी थोडी मुदत मागितली. साहेबांनी या वेळी स्पष्ट सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत थांबतो, मग जागा दुसऱ्याला देतो.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातलं बाकडं दुरुस्तीला आलं होतं. लांबलचक भेग होती. काकांनी बरणीतला भुगा घेतला, सरसात कालवला, भेग भरली, घासली, पॉलिश केलं आणि बाकडं धाडून दिलं. हाताला इतकी सवय की बरणीत भुग्याबरोबर मीही आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आठवडाभरानं डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. मागून गाडीवर बाकडं.

"सुतारकाका, यात काय भरलंयत तुम्ही? मुंग्या रांग लावून बसल्यात आणि माझे पेशंट उभे!"

खारू घरातच होती. तिनं वाकून भेग नखानं उकरली, नाकाजवळ नेली. मग आत आली, मला उचललं, बाहेर नेलं आणि भुग्याच्या बरणीशेजारी ठेवलं. एवढ्यावर बिंग फुटलं.

"बाबा, एकही दिवस खाल्लं नाहीत?"

काकांनी मान हलवली.

"का?"

"थांब असं तोंडानं म्हणवत नव्हतं, खारू. म्हणालो असतो तर तू थांबली असतीस."

डॉक्टरीणबाई हळूच पुढच्या अंगणात गेल्या. खारू बाकड्यावर बसली, मुंग्यांची पर्वा न करता. बसल्या बसल्या म्हणाली, "मग नाहीच जात. पूल काय, कुणीही बांधेल."

आता मला वाटलं, काका जिंकले. त्यांना हवं ते मिळालं होतं. पण ते उठले, मला घेऊन मागच्या खोलीत गेले. वाटी घेतली. दोन चमचे पावडर, एक चमचा पाणी. रंग कालवताना ढवळतात तसं मला गुठळी मोडेपर्यंत ढवळलं. ब्रेडला लावलं, केळ्याचे काप ठेवले आणि लेकीच्या समोर बसून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.

"बरं लागतं की," ते म्हणाले. मिशीला लागलेलं पुसलं. "जा, बॅग काढ माळ्यावरची."

त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाच्या तरी पोटात गेलो. केवढी वाट बघितली होती मी त्याची! आणि तरी आनंद होईना, कारण माझा प्रत्येक चमचा तिला दाराकडे ढकलत होता. काका रोज खात राहिले. चरबी उतरली. साहेबांचा निरोप आला. निघताना खारूनं मला फळीवर पुढे ओढून ठेवलं आणि झाकणावरून हात फिरवला.

आता माझ्या शेजारी माझ्यासारखाच नवा डबा आहे. काकांनी तो स्वतः जाऊन, चष्मा लावून, मागचं वाचून निवडून आणला. रोज त्यातलं खातात. फोनवर ती विचारते, "खाल्लं का बाबा?" आणि काका म्हणतात, "खाल्लं." आता ते खरं असतं. फोन ठेवला की मला उघडतात, आत बघतात, तळाचा चमचा तसाच ठेवून झाकण लावतात. तिनं निवडलेलं एवढंच उरलंय घरात.

काका, माझं तेल काही आता परत येणार नाही, ते मला कळतंय. पण खारू पुलाच्या कामातून सुट्टी काढून येईलच कधीतरी. त्या दिवशी मला संपवा. एकच चमचा आहे, दोघांत अर्धा अर्धा घ्या. आणि तेवढ्यापुरतं पाण्यात शेंगदाण्याच्या तेलाचे दोन थेंब टाका. दोन थेंबांनी काही होत नाही, डॉक्टरीणबाईंना मी सांगणार नाही.

तोवर झाकण घट्ट लावत जा. मुंग्यांना या घराचा पत्ता कळलाय.