शालूच्या रंगाची मोटार

निपाणीच्या बाबगोंडा आप्पांनी लेकाच्या लग्नासाठी घरची जुनी मोटार रंगवायला काढली. रंग मात्र त्यांना पहिलाच हवा होता. बेळगावचा रंगारी परशराम चार थर खरवडून दमला, पण तळचा रंग पार विटलेला निघाला. तेव्हा कुठे आप्पांना विधवा भावजय आठवली. वीस वर्षांमागं थोरल्या भावानं नवी मोटार घेतली, ती नवरीच्या, म्हणजे पद्मावतीच्या, शालूच्या रंगात रंगवून घेतली होती. वर्षाच्या आत तो प्लेगनं गेला आणि शालू ट्रंकेत गेला.

"वहिनी, शालू द्या जरा. नमुन्याला."

वीस वर्षांत घरानं तिच्याकडं पहिल्यांदा काही मागितलं, तेही मोटारीसाठी. तिनं दिला. परशरामानं आठ दिवस रंग घोटून तोच डाळिंबी रंग हुबेहूब उतरवला.

लग्नादिवशी मोटार दारात झळकली. पांढऱ्या लुगड्यातली पद्मावती बघायला उंबऱ्यात आली, तोच आप्पा खेकसले, "आत व्हा वहिनी! नवरदेव निघालाय, आडवं येऊ नका."

ती हलली नाही.

"ते गेलं तवा ही मोटारबी त्यांचीच हुती, भावजी. हिला का न्हाय पांढरी केली?"