शिक्षकामागे खर्च

ग्रंथपाल मार्लिसने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही छान रंगीत छापून.

आपलं ग्रंथालय किती गरीब आहे हे दाखवायला तिने आयोवा राज्यातल्या आपल्याएवढ्याच विद्यापीठांशी तुलना मांडली होती: दर शिक्षकामागे ग्रंथालयावर खर्च किती? आपण तळाला असणार याची तिला इतकी खात्री, की आकडे भरून येताच तिने कागद न वाचता उपकुलगुरू लोवेलकडे धाडला. आणि निघालो आपण पहिले!

लोवेल तिचा जुना मित्र. हसत हसतच तो ग्रंथालयात आला.

"पहिला नंबर, मार्लिस! पार्टी दे. आता ट्वायलाची जागा रद्द केली तर रडायचं नाही."

दुसऱ्या ग्रंथालयांतून पुस्तकं मागवून देणारी ट्वायला. एखादं पुस्तक मिळालं की मागणाऱ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद व्हायचा. तिला घरी बसवायचं मार्लिसच्या अगदी जिवावर आलं.

"रडणार. तुझ्या ऑफिसात येऊन रडणार."

"अगं, पण कागद तुझाच ना?"

"माझाच. अक्कल गहाण ठेवली होती मी. आपला खर्च वाढलाय का, सांग."

"छे, एक डॉलर वाढवू दिला नाही मी."

"मग पहिले कसे आलो?" तिने वाचनदालनाकडे बोट केलं. प्राध्यापक निवृत्त झाला की त्याचा केक तिथेच कापायची इथली पद्धत. "जर्मनच्या ओटिसचा केक खाल्लास. भूगर्भशास्त्राच्या विनिफ्रेडचा तर दोनदा घेतलास, हावरटा. त्यांच्या जागी कोण आलं?"

जागा न भरण्याच्या आदेशांवर सही लोवेलचीच होती.

"खर्च तोच, शिक्षक कमी. म्हणून एकेकाच्या वाट्याला जास्त दिसतोय. सगळ्यांना घालवलंस की देशात पहिले येऊ बघ."

तो खो खो हसला, आणि हसता हसताच थांबला. या मे महिन्यात तो स्वतःच निवृत्त होणार होता. उपकुलगुरू झाल्यावरही त्याने इतिहासाचा एक वर्ग सोडला नव्हता, म्हणून शिक्षकांत त्याचीही गणती होती, आणि ती जागाही भरली जाणार नव्हती.

"ट्वायला राहू दे," तो म्हणाला. "मी तसं आजच कळवतो." मग खालच्या आवाजात, "म्हणजे मी गेलो की आपण आणखी वर जाणार."

"जाऊ रे," मार्लिस म्हणाली. "पण मला नकोय तो नंबर."